गोल खाताना कोणी बोलतच नाही? नाशिकमधल्या डिफेन्स बॅचचा रिव्ह्यू

नाशिकमध्ये फुटबॉल कोचिंग म्हटलं की जवळपास सगळीकडे तेच ते, कोनमधून ड्रिबलिंग, मग शूटिंग, शेवटी मॅच आणि घरी. डिफेन्स कसा करायचा हे वेगळं बसून कोणी शिकवत नाही, जो शूटिंगमध्ये कच्चा त्याला मागे उभं करायचं एवढाच हिशोब. म्हणून गंगापूर रोडच्या बाजूला एका टर्फवर फक्त डिफेन्सची बॅच सुरू होतेय असं कळल्यावर आमच्या टीमची अख्खी बॅकलाईन (मागचे चारही डिफेंडर) आणि मी (मी कीपर) असे सगळे एकदम जॉईन झालो. बॅच नुकतीच संपलीये, सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून टाकतो. बॅचचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत, आणि त्या मी सरांना समोरासमोर सांगितल्या आहेत.

आमची टीम म्हणजे सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधली पोरं आणि थोडी कॉलेजची. पोरं फिट आहेत, टॅकल जोरात मारतात, हेडरला घाबरत नाहीत. तरी गोल खायचो. आणि प्रत्येक गोलनंतर ठरलेलं, दोन्ही हात पसरून एकमेकांकडे बघायचं, "अरे तुझा होता ना तो", "मला वाटलं तू जाशील". पहिल्याच दिवशी सरांनी आमची एक मॅच बघितली आणि जे बोलले ते मला अजून पाठ आहे: "गोल झाल्यावर तुम्ही जे बोलता ना, तेच दहा सेकंद आधी बोला." माझ्या मते फीचे निम्मे पैसे या एका वाक्यात वसूल झाले.

सर पन्नाशीच्या पुढचे आहेत, लष्करातून रिटायर झालेले, देवळाली कॅम्पच्या बाजूला राहतात. आवाज असा की अख्ख्या टर्फवर पोचतो पण शिवी एक नाही. आठवड्यात दोन दिवस रात्री टर्फवर आणि रविवारी सकाळी पंचवटीकडच्या एका मोठ्या मैदानाच्या अर्ध्या भागात, अशी बॅच. फी माणशी महिन्याला दोन हजार, बिब्स (टीम ओळखायला वरून घालायची जाकिटं) त्यांचे, बॉल त्यांचे. आमच्या बॅचला दोन मुलीही होत्या, दोघी सेंटर बॅक खेळणाऱ्या, आणि सरांनी त्यांना कुठलीही सूट दिली नाही की वेगळं काढलं नाही. सांगायचं कारण म्हणजे विचारणाऱ्या बऱ्याच जणी असतील.

आता खरी गोष्ट, व्हिडिओ. सर गोलच्या मागे ट्रायपॉडवर मोबाईल लावतात आणि रविवारच्या मॅचमध्ये जेवढे गोल होतात तेवढे सगळे नंतर कट्ट्यावर बसून दाखवतात. गोल दाखवतच नाहीत खरं तर, गोलच्या आधीचे दहा-बारा सेकंद दाखवतात आणि बॉल जाळीत जायच्या आधीच पॉज करतात. एक गोल जसाच्या तसा सांगतो. आमच्यावर कॉर्नर होता. बॉल आला, आमच्या सेंटर बॅकने चांगला हेडर मारून बॉक्सच्या बाहेर काढला. इथपर्यंत सगळं बरोबर. त्यांच्या एकाने तो बॉल बाहेर थांबवला आणि परत आत टाकला, माझ्यासमोर त्यांचे दोघं उभे, एकाने नुसता पाय लावला, गोल. मैदानात आम्ही सगळे हात वर करून ऑफसाइड ऑफसाइड करत होतो. व्हिडिओत काय दिसतं तर आमची सगळी लाईन, म्हणजे डिफेंडरची रांग, चार-पाच पावलं वर आलीये आणि लांबच्या पोस्टला उभा असलेला आमचा पोरगा तिथेच आहे, एक हात पोलवर, नजर बॉलवर. तो गोललाईनवर उभा म्हणजे त्याच्यामुळे त्यांचे सगळेच ऑनसाइड. ऑफसाइडचा नियम बचाव करणाऱ्या टीमच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूवर मोजतात, पास सुटताना समोरचा त्याच्याही पुढे असेल तरच ऑफसाइड. इथे शेवटचा मी आणि दुसरा तो, दोघंही गोललाईनवर, मग कसला ऑफसाइड.

पण सर तिथे थांबले नाहीत. त्यांनी मोबाईलचा आवाज फुल केला आणि तेच दहा सेकंद परत लावले, म्हणाले आता बघू नका, फक्त ऐका. बॉलवर डोकं लागल्याचा आवाज, बुटांचा आवाज, लांबून रस्त्यावरचा हॉर्न, आणि एकच माणसाचा आवाज, त्यांचा स्ट्रायकर, "इकडे दे, इकडे दे". आमच्यातला एकही जण काही बोलला नव्हता. "वर!" एवढा एक शब्द कोणी ओरडला असता तर तो पोस्टवरचा पोरगा पळत बाहेर आला असता. त्यानंतर कॉर्नरचा बॉल बाहेर निघाला की "वर" ओरडायचं काम कायमचं कीपरचं, असं सरांनी ठरवून दिलं, कारण सगळ्या पाठी आणि सगळे चेहरे एकाच वेळी दिसणारा माणूस तोच.

कॉल कशी द्यायची यावर त्यांनी जवळजवळ दोन आठवडे घालवले आणि तेव्हा काही पोरं कंटाळली पण होती. नियम साधा. आधी नाव, मग काम, आणि बॉल पोचायच्या आधी. "मार्क करा रे", "बघा रे", "टाइट रे" ही कॉल नाही, कारण ती कोणालाच उद्देशून नाही, सगळ्यांना वाटतं दुसऱ्याला सांगितलं. "दादा, डावीकडे दोन पावलं" ही कॉल (आमच्या राइट बॅकला सगळे दादाच म्हणतात, वयाने मोठे आहेत, मैदानातही तेच चालतं). शब्द टीमने आपापले ठरवायचे पण एकदा ठरले की बदलायचे नाहीत. आमचे ठरलेत ते असे: पाठीवर माणूस येतोय तर "मागे", मोकळा आहेस तर "टाइम", टॅकलमध्ये उडी घेऊ नको नुसता रोखून धर याला "थांबव", आणि मी बाहेर येतोय तेव्हा फक्त "कीपर", तेही एकदाच आणि मोठ्याने. "कीपर" ऐकलं की सेंटर बॅकने बॉलचा नाद सोडून माझ्या मागे गोल कव्हर करायला पळायचं. हे ठरायच्या आधी मी आणि सेंटर बॅक कितीदा एकमेकांवर आपटलोय. एकदा तर त्याचा ओठ फुटला होता.

एक गोष्ट मला माहीतच नव्हती ती पण इथे कळली. समोरच्या टीमच्या माणसाला फसवायला "सोड" किंवा "माझा" असं ओरडलं तर रेफरी इनडायरेक्ट फ्रीकिक देऊन वर येलो कार्डही दाखवू शकतो. म्हणून कॉलमध्ये नाव हवंच, म्हणजे कोणाला सांगतोय यात शंकाच राहत नाही.

पोझिशनिंगचा भाग मात्र मला सगळ्यात जास्त आवडला आणि हे आमच्याकडे कोणी एवढं सोपं करून सांगितलेलं नव्हतं. सरांनी द्राक्षबागेचं उदाहरण दिलं, मांडवाची तार ताणलेली असते, एक खांब कलला की बाजूच्या खांबांवर ताण येतो, तसे चारही डिफेंडर एका तारेत. आमचे अर्धे जण दिंडोरी-पिंपळगावकडचे, त्यांना हे लगेच पटलं. मग बॉल न घेता ड्रिल. सर स्वतः बॉल हातात धरून चालत जायचे, डावीकडे, उजवीकडे, मागे, आणि चौघांनी त्यांच्याप्रमाणे सरकायचं, अंतर तुटलं की शिट्टी. बॉलशिवाय असं खेळवायची पद्धत कोच आरिगो साक्कींच्या मिलानची, इटलीतल्या क्लबची. १९८९ आणि १९९० असे लागोपाठ दोन वर्ष युरोपियन कप जिंकलेली टीम, मागे फ्रँको बारेसी आणि पाओलो माल्दिनी. सर त्यांचे जुने व्हिडिओ दाखवतात आणि बारेसी हात करून लाईन वर नेतो ते मुद्दाम परत परत लावतात.

लाईन वर कधी न्यायची आणि मागे कधी पडायची याची खूण म्हणजे बॉल ज्याच्याकडे आहे त्याचं डोकं. तो पाठमोरा आहे, किंवा कोणीतरी त्याच्या अंगावर आहे, डोकं खाली घालून बॉल सांभाळतोय, तर लाईन वर. तो समोर तोंड करून मोकळा उभा आहे, मान वर आहे, तर लाईन मागे, आणि मागे म्हणजे पास सुटल्यावर नाही, सुटायच्या आधी. मी हे गोलमधून बघायला लागल्यापासून मला मॅचच वेगळी दिसायला लागली. टीव्हीवर मॅच बघताना पण आता माझं लक्ष बॉलवर नसतं, बॉलवाल्याच्या मानेवर असतं, घरचे वैतागतात.

बाकी बेसिक गोष्टी पण घोटून घेतल्या. बॉलवर पहिला जाणारा अंग तिरकं ठेवून, हातभर-दोन हात अंतर ठेवून, त्याला बाहेरच्या बाजूला ढकलतो. दुसरा त्याच्या मागे तिरपा, तो हुकला तर हा आहे. तिसरा आत, लांबच्या बाजूला येणाऱ्या माणसावर नजर ठेवून. पहिल्याने कुठल्या बाजूला ढकलायचं हे दुसऱ्याने सांगायचं, कारण पहिल्याला मागचं दिसत नाही. ही एवढीशी गोष्ट आम्हाला इतकी वर्षं कोणी सांगितली नव्हती, आम्ही पहिल्यालाच शिव्या घालायचो.

आणि बायलाईनवरून (गोलच्या बाजूच्या शेवटच्या रेषेवरून) मागे येणारा पास. आम्ही खाल्लेल्या गोलांमध्ये हे फार. विंगर बाजूने सुटला की आमचे सगळे जीव खाऊन गोलकडे पळायचे, सहाच्या सहा जण गोलच्या तोंडाशी, आणि पेनल्टी स्पॉटजवळ त्यांचा माणूस एकटा, पाहिजे तेवढा वेळ घेऊन मारणारा. आता ठरलंय, शेवटी धावत येणाऱ्याने गोलपर्यंत यायचंच नाही, अकरा मीटरच्या त्या स्पॉटजवळ थांबायचं आणि खांद्यावरून मागे बघायचं. शेवटच्या दोन मॅचमध्ये याच एका गोष्टीने आमचे गोल वाचले, मी डोळ्यांनी बघितलंय.

गोल खाल्ल्यानंतर काय करायचं याचा एक पूर्ण सेशन होता आणि तो या बॅचची खरी खासियत आहे असं मी म्हणेन. सरांनी २०१४ च्या वर्ल्ड कपची ब्राझील-जर्मनी सेमीफायनल लावली, ८ जुलैची, ७-१ वाली. आपण सगळ्यांनी बघितलेली, पण आपल्याला लक्षात राहतो तो स्कोअर आणि रडणारं पब्लिक. सरांनी वेळा लिहायला लावल्या. पहिला गोल ११ व्या मिनिटाला, कॉर्नरवर जर्मनीचा म्युलर बॉक्समध्ये मोकळा. त्यानंतर २३, २४, २६ आणि २९, सहा मिनिटांत चार. २६ व्या मिनिटाचा तर सेंटरवरून खेळ परत सुरू झाल्या झाल्या, ब्राझीलच्या फर्नांडिन्होकडून बॉल काढला आणि जर्मनीच्या क्रूसने स्वतःचा दुसरा गोल मारला. ब्राझीलचा कॅप्टन थियागो सिल्वा येलो कार्डांमुळे बाहेर होता, त्याच्याऐवजी दांते. सरांनी पॉज करून विचारलं, दुसरा गोल झाल्यापासून पाचव्यापर्यंत ब्राझीलवाल्यांतल्या कोणी चौघांना गोळा करून काही सांगितलेलं दिसतंय का बघा. आम्ही बघत बसलो. प्रत्येकजण आपापला पळतोय, सेंटर बॅक पुढे, मिडफिल्ड मागे नाही, जर्मनीवाले बॉक्समध्ये एकमेकांना आरामात पास देताहेत.

मग सरांनी आमच्यासाठी रुटीन बसवलं. गोल झाला की बॉल जाळीतून कीपरने काढायचा आणि तो लगेच फेकायचा नाही, चालत बॉक्सच्या कडेपर्यंत न्यायचा. तेवढ्यात सेंटर बॅक आणि होल्डिंग मिडफिल्डर (डिफेन्सच्या लगेच पुढे खेळणारा) जवळ येतात. फक्त तीन वाक्यं, कुठून आला, आता कोण कोणाला धरणार, पुढची पाच मिनिटं लाईन कुठे. चूक कोणाची हे बोलायचं नाही, ते व्हिडिओत दिसेलच. सुरुवातीला हे फार नाटकी वाटलं, पण नाशिकरोडच्या एका टीमबरोबर खेळताना आम्ही लवकर दोन खाल्ले आणि एरवी अशा मॅच आम्ही पाच-सहाने हरतो, त्या दिवशी २-२ केली. पोरं शांत होती. दादा तर मला म्हणाले की आज पहिल्यांदा गोल खाऊन माझ्यावर कोणी ओरडलं नाही.

आता तक्रारी, आणि त्या बारीक नाहीत.

पहिली म्हणजे टर्फच. आपल्याकडचे टर्फ लहान, बाजूने जाळी, बॉल बाहेर जातच नाही, आणि बहुतेक ठिकाणी ऑफसाइड पण नसतो. डिफेन्स शिकायला हे दोन्ही वाईट. ऑफसाइड नाही म्हणजे त्यांचा एकजण कायम माझ्या नाकासमोर उभा, मग लाईन वर नेणार कशी. आणि अडचणीत बॉल सरळ बाहेर घालवायचा ही डिफेंडरची हक्काची गोष्ट, जाळीला लागून बॉल परत आत येत असेल तर ती सवय लागणार कधी. सरांना हे माहितीये, म्हणूनच रविवारचं मोठं मैदान आहे, पण आठवड्यात एकच दिवस तिथे मिळतो आणि माझ्या मते हिशोब उलटा पाहिजे, दोन दिवस मैदान आणि एक दिवस टर्फ. रात्री लांबच्या गोलकडचा एक लाईटही बंद होता, बॅच संपेपर्यंत बंदच राहिला, आणि हवेतला बॉल त्या कोपऱ्यात मला अक्षरशः दिसत नव्हता. हे टर्फवाल्यांचं काम आहे पण पैसे आपण देतो, विचारणार कोणाला.

दुसरी, सेटपीस. फ्रीकिक, कॉर्नर, थ्रो, सगळं शेवटच्या आठवड्यात घाईघाईत उरकलं. हे मला अजिबात पटलं नाही, कारण लक्ष नसताना गोल खायची सगळ्यात सोपी जागा तीच. सरांनी स्वतःच दोन क्लिप दाखवल्या. एक, ७ मे २०१९, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड, बार्सिलोना पहिली लेग (दोन मॅचपैकी पहिली) ३-० जिंकून आलेली, ७९ व्या मिनिटाला लिव्हरपूलचा अलेक्झांडर-आर्नोल्ड कॉर्नर सोडून चालला असं दाखवतो, वळतो आणि पटकन मारतो, ओरिगी मोकळा, ४-०. बार्सिलोनावाल्यांच्या नजरा भलतीकडेच. दुसरी आपल्याकडची, ३ मार्च २०२३ ची इंडियन सुपर लीगमधली बेंगळुरू-केरला ब्लास्टर्स नॉकआउट, एक्स्ट्रा टाइममध्ये बेंगळुरूच्या छेत्रीने वॉल (बॉलसमोर उभी राहणारी खेळाडूंची भिंत) लागायच्या आधीच फ्रीकिक मारून गोल केला आणि केरलावाले मैदान सोडून निघून गेले, पुढे त्यांना चार कोटींचा दंड झाला. गोल बरोबर की चूक यावर आमच्यात पण जोरात वाद झाला. पण सरांचा मुद्दा पक्का होता, फ्रीकिक मिळाली रे मिळाली की एकाने बॉलच्या समोर उभं राहून नजर बॉलवर ठेवायची आणि बाकीच्यांनी वॉल लावायची. ९.१५ मीटर मागे जायला रेफरीने सांगितलं की जायचं, पण पाठ करून नाही जायचं. मुद्दा एवढा भारी आणि त्यावर प्रॅक्टिस जेमतेम अर्धा तास. वॉलमधला पहिला माणूस पोस्टच्या रेषेत कसा आणायचा हे मी दोनदाच करून बघू शकलो.

तिसरी, कीपरला कीपरचं म्हणून वेगळं काही नाही. पकड, डाइव्ह, हाय बॉल, काहीच नाही. सर म्हणाले ही ती बॅच नाही, आणि जाहिरातीतही त्यांनी तसं कुठे म्हटलेलं नव्हतं, पण कीपर म्हणून येणाऱ्याने हे धरून यावं. मी ज्यासाठी गेलो ते, म्हणजे समोरच्या चौघांना चालवायला शिकणं, ते मला शंभर टक्के मिळालं.

पार्किंगची बोंब आहे, गंगापूर रोडला संध्याकाळी जी गत असते तीच, टू-व्हीलरवर या. थंडीत रविवारी सकाळी सहाला गवत ओलं असतं, टर्फचे बूट मोठ्या मैदानावर घसरतात, स्टडचे वेगळे ठेवा.

माझ्याकडून ५ पैकी ४. एक स्टार सेटपीस आणि टर्फ मिळून कापला. पुढची बॅच पावसाळ्यानंतर आहे असं सर म्हणालेत आणि आम्ही परत जाणार आहोत, यावेळी मिडफिल्डवाल्यांना पण ओढून नेणार. जाणार असाल तर एकटे जाऊ नका. आमच्या बॅचमध्ये वेगवेगळ्या टीममधून एकेकटे आलेले काहीजण होते, बिचारे मनापासून सगळं शिकले, पण आपल्या टीममध्ये जाऊन "वर" ओरडले तर बाकीचे तिघं जागचे हलतच नाहीत, त्यांना तो शब्दच माहिती नाही. निदान दोन्ही सेंटर बॅक आणि कीपर असे तिघं तरी एकाच टीममधले जा, आणि सरांना फोन करतानाच सांगा की आम्ही एकत्र आहोत, ते ड्रिलमध्ये तुम्हाला एकाच लाईनमध्ये ठेवतात.